पंचेचाळीस मिनिटांत घरपोच

गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी युसूफ तांबोळींच्या दुकानातला फोन वाजला, तेव्हा पूर्वा ओव्हाळ त्यांना लॅपटॉपवरचा आलेख समजावून सांगत होती. आलेख चढता होता. तिला त्याचा अभिमान वाटत होता.

दुकान स्वारगेटच्या मागच्या गल्लीत. आजारी माणसाला घरी लागणारं सामान तिथं भाड्यानं मिळायचं: वरखाली होणाऱ्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, ऑक्सिजनची मशीन, सिलिंडर. दोन वर्षांपूर्वी पूर्वाचे वडील जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा खाट याच दुकानातून आली होती. युसूफचाचा स्वतः ती घेऊन तीन मजले चढले होते आणि वडिलांना कुशीवर कसं वळवायचं ते आईला शिकवून गेले होते. पूर्वा तेव्हा नुकतीच नोकरी सोडून घरून वेबसाइटची कामं घ्यायला लागली होती. तिनं त्यांना विचारलं, "चाचा, तुमची वेबसाइट का नाही?"

"गिऱ्हाईक येतं की," ते म्हणाले होते. पण पुढं गिऱ्हाईक कमी झालं. लोक दुकानाची पाटी बघेनासे झाले, मोबाईलमध्ये शोधू लागले. मग त्यांनी तिला बोलावून घेतलं.

पहिली वेबसाइट तिनं मन लावून केली. प्रत्येक वस्तूचा फोटो, ती कुणाला लागते, वापरायची कशी, सगळं साध्या मराठीत. सहा महिने झाले तरी मोबाईलवर शोधलं की दुकान तिसऱ्या पानावरच दिसायचं. सगळ्यांत वर हडपसरचे, याच धंद्यातले कुणी अनिरुद्ध तुपे. त्यांची वेबसाइट पूर्वाला पाठ झाली होती. कुठला शब्द किती वेळा आलाय, कुठलं पान किती सेकंदांत उघडतं, सगळं. तिला नुसतं त्यांच्या वर जायचं होतं.

म्हणून तिनं गावांची पानं केली. अडतीस पानं. खडकवासला, धायरी, वाघोली, लोणी काळभोर, उरुळी. मजकूर एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं. प्रत्येक पानावर ठळक अक्षरात: 'ऑक्सिजन सिलिंडर, पंचेचाळीस मिनिटांत घरपोच.'

युसूफचाचांनी ते वाचून चष्मा काढला होता. "लोणी काळभोरला आपण जातो कुठं? गाडी एकच आहे."

"सगळेच असं लिहितात, चाचा. फोन आला तर सांगायचं, लांब पडतं म्हणून. पण नाव वर जायला ही पानं लागतात."

"असं असतं का त्यात?"

"असंच असतं."

तिला या गोष्टी कळतात, आपल्याला नाही, अशा समजुतीनं त्यांनी मान डोलावली होती. आणि खरंच, तीन महिन्यांत दुकान पहिल्या पानावर आलं. गेल्याच आठवड्यापासून काही गावांच्या नावानं शोधलं की तुपे खाली दिसू लागले होते. तेच ती आलेखात दाखवत होती.

युसूफचाचांनी फोन उचलला आणि सवयीनं स्पीकर लावला, कारण त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं.

"गाडी कुठवर आली म्हनायची?" एका वयस्कर बाईचा आवाज.

"कुठली गाडी? कोण बोलतंय आपण?"

"कांताबाई बोलतीय, लोनीवरनं. आमच्या मालकांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय. डीपी जळालीय, लाईट रातीपातूर येत न्हाई म्हनत्यात. तुमची गाडी तीन वाजता येनार हुती न्हवं?"

युसूफचाचांनी पूर्वाकडं बघितलं. "बाई, आमची गाडी लोणीला येत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमीच की. सूनबाईनं हापिसातनं मोबाईलवर फारम भरला सव्वादोनला. तुमचा मेसेज आला तिला. पंचेचाळीस मिन्टात मानूस पोचंल म्हनून."

तो मेसेज पूर्वानंच बसवला होता. फॉर्म भरला की आपोआप जायचा. 'धन्यवाद. आमचा माणूस पंचेचाळीस मिनिटांत आपल्यापर्यंत पोहोचेल.' फॉर्मची नोंद एका मेलवर यायची आणि तो मेल युसूफचाचा संध्याकाळी दुकान आवरताना बघायचे.

"आता त्यांना ऑक्सिजन चालू आहे का?" युसूफचाचांचा आवाज एकदम शांत झाला.

"बारका सिलिंडर हाय घरात, त्यो लावलाय. पन काटा खाली आलाय."

"काट्यावर आकडे दिसतात का? कुठं आहे काटा?"

थोडा वेळ गेला. "धा आन् ईसच्या मधी."

"आणि बाजूच्या नळीतला गोळा कितीवर तरंगतोय?"

"दोनवर. डाक्टरांनी दोनच ठेवाय सांगितलंय."

युसूफचाचांनी मनात हिशेब केला. ओठ हलले. "सव्वा तास पुरेल. त्याच्या आधी येतो. गोळा हलवू नका. त्यांना उठवून बसवा, पुढं उशी द्या, बोलायला लावू नका. जास्त दम लागला, ओठ निळे दिसले, तर १०८ ला फोन करायचा. त्यांना विचारत बसायचं नाही."

"त्यो दवाखान्यात यायला तयारच न्हाई. मागल्या खेपंला लई हाल झालं त्येचं." मग ती म्हणाली, "हडपसरवाल्या तुप्यांना दोनलाच इचारलं हुतं. ते म्हनले, दोन तास लागतील. तुमचा मेसेज आला म्हनून सूनबाईनं त्येंला नगं म्हनून सांगितलं."

फोन ठेवल्यावर युसूफचाचांनी गाडीवाल्या अरबाजला फोन लावला. अरबाज एक खाट पोचवायला खडकवासल्याला गेला होता, अगदी उलट्या दिशेला. "परत यायलाच तास लागेल, मामू," तो म्हणाला. युसूफचाचांनी फोन बंद केला, आतून एक भरलेला सिलिंडर फिरवत फिरवत बाहेर आणला, खिशात पाना टाकला आणि रस्त्यापलीकडच्या स्टँडवरच्या संजय रिक्षावाल्याला हाक मारली.

"लोणी काळभोर. पेशंट आहे."

संजयनं सिलिंडरकडं बघितलं. "माझी सीएनजी आहे, युसूफभाई. काय होणार नाही ना?"

"व्हॉल्व्ह बंद आहे. मी पायात धरून बसतो. तू बिडी पेटवू नको म्हणजे झालं."

पूर्वानं लॅपटॉप तसाच पिशवीत कोंबला. "मी येते."

"तू येऊन काय करणार?"

ती जाऊन रिक्षात बसली. युसूफचाचांनी शटर ओढलं. रिक्षा निघाली तशी पूर्वानं कांताबाईंना फोन करून आपला मोबाईल नंबर दिला.

तीन वाजून बावीस मिनिटं झाली होती. सिलिंडर चार पंचविसाला संपणार होता.

शंकरशेठ रस्ता बरा होता. गोळीबार मैदानापर्यंत सगळे सिग्नल हिरवे लागले आणि पूर्वाला वाटलं, पोचू. पुलगेटच्या पुढं पहिली रांग लागली. रेसकोर्सच्या कडेनं रिक्षा इंचाइंचानं सरकत होती. युसूफचाचा दोन्ही गुडघ्यांत सिलिंडर धरून समोर बघत होते.

"चाचा, मी तो मेसेज..."

"माझ्या पाटीवर तीस वर्षांत मी खोटं लिहिलं नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "दुकान शुक्रवारी नमाजाला बंद असतं, तेसुद्धा पाटीवर लिहिलंय. आणि तू मला विचारलं होतंस, मी हो म्हटलं होतं. म्हणजे मला तुला रागवायची सोय नाही."

फातिमानगरच्या चौकात तीन चाळीस झाले. पूर्वानं मोबाईलवर नकाशा उघडला. पुढचा रस्ता गाडीतळापर्यंत गडद लाल. पोचायची वेळ दाखवत होता चार छत्तीस. तिनं पुन्हा बघितलं. चार सदतीस.

अकरा मिनिटं कमी पडत होती. बारा.

तेव्हा तिला तुपे आठवले. त्यांच्या पानावरचा नंबर तिनं शंभरदा बघितला होता, त्यावर फोन कधीच केला नव्हता. तिनं तो लावला.

"बोला," एक कोरडा आवाज आला.

"तुपे साहेब, मी पूर्वा ओव्हाळ. लोणी काळभोरला कांताबाई म्हणून आहेत, त्यांनी दुपारी तुम्हाला सिलिंडरसाठी फोन केला होता."

"केला होता. नंतर नको म्हणाल्या. त्यांना पंचेचाळीस मिनिटांत आणून देणारं कुणी भेटलं."

"ते आम्हीच. स्वारगेटहून निघालोय. फातिमानगरला अडकलोय. त्यांच्याकडं चार पंचवीसपर्यंतच पुरेल. आम्ही पोचत नाही."

तुपे म्हणाले, "अहो ताई, स्वारगेटहून लोणी पंचेचाळीस मिनिटांत विमानानं येता का तुम्ही? मी हडपसरला बसतो, मला रोजचा रस्ता माहीत आहे. मी दोन तास लिहितो, म्हणून तुमच्या खाली दिसतो. ते असू द्या. आता मी काय करू?"

"तुमची गाडी जवळपास असेल तर..."

"गाडी उरुळी कांचनला आहे. आत एक भरलेला सिलिंडर आहे, पण तो माझा राहिला नाही. मांजरीच्या एका घरानं राखीव म्हणून मागवलाय, साडेचारला द्यायचं कबूल केलंय."

"त्यांच्याकडं लाईट आहे का?"

"विचारतो. फोन चालू ठेवा, दुसऱ्या कुणाशी बोलत बसू नका."

फोन कट झाला. संजयनं रामटेकडीच्या चढाला रिक्षा दोन बसच्या मधून काढली. आरसा एका बसला घासला. कुणीतरी शिवी दिली. पूर्वा मोबाईलच्या पडद्याकडं बघत राहिली. तीन शेहेचाळीस. तीन एकोणपन्नास. युसूफचाचा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

तीन बावन्नला फोन वाजला. तिनं झडप घातली. पण तो तुप्यांचा नव्हता. कांताबाईंचा होता.

"ताई, काटा धाच्या खाली गेला. आन् ते घामाघूम झाल्यात. बोलाय बगत्यात, पन शबूद निगत न्हाई."

"ओठ कसे दिसतायत, मावशी?"

"मला काय कळंना. अंधार हाय घरात."

"दारात आणून बसवता येईल का?"

"एकटीला कसं जमंल?"

युसूफचाचांनी मोबाईल हातातून घेतला. "कांताबाई, मी युसूफ. शेजारच्यांना हाक मारा, आत्ता. खुर्चीसकट उचलून दारात आणा. आम्ही १०८ ला फोन लावतोय, तुमचा पत्ता सांगा."

त्यांनी पत्ता तिच्याकडून दोनदा वदवून घेतला. पूर्वानं युसूफचाचांच्या फोनवरून १०८ लावला, पत्ता सांगितला, वय सांगितलं, सत्तरच्या पुढं, फुप्फुसाचा जुना आजार, ऑक्सिजन संपत आलाय. गाडी निघतेय, असं उत्तर आलं.

मग तुप्यांचा फोन आला. तीन छप्पन्न.

"मांजरीवाले हो म्हणाले. त्यांची म्हातारी म्हणाली, आमचं मशीन चालतंय, आधी तिकडं द्या. माझा राकेश उरुळीहून निघालाय. रस्ता मोकळा असेल तर पंचवीस मिनिटं. नसेल तर मला शिव्या देऊ नका."

"नाही देणार."

"पत्ता पाठवा. आणि तुम्ही येत राहा. राकेशकडचा सिलिंडर बारका आहे, रात्र निघणार नाही त्यावर."

गाडीतळाच्या उड्डाणपुलाखाली रिक्षा आठ मिनिटं जागची हलली नाही. पुढं एक ट्रक आडवा झाला होता. संजय खाली उतरून बघून आला आणि परत बसला. पूर्वानं कांताबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. चार वाजून दहा, चार चौदा. शेवाळेवाडी गेली आणि रस्ता सुटला, संजयनं रिक्षा पळवली तशी ती सगळी खडखडू लागली. चार एकवीस. फोन उचलत नव्हतं कुणी.

त्या वेळात पूर्वाच्या मनात तेच एक वाक्य फिरत होतं. ते तिनं एका सकाळी चहा पिता पिता लिहिलं होतं. पंचेचाळीस का, तीस का नाही, एवढाच विचार केला होता. तीस कुणाला खरं वाटणार नाही, पंचेचाळीस वाटेल. मग ते अडतीस ठिकाणी चिकटवलं होतं.

कवडीपाट ओलांडताना चार अठ्ठावीस झाले होते. युसूफचाचा म्हणाले, "संपला असेल."

ते घर हायवे सोडून आत, कालव्याच्या अलीकडच्या वस्तीत होतं. पत्ता विचारावा लागला नाही. एका दारासमोर पंधरावीस माणसं उभी होती आणि रस्त्यात एक पांढरा छोटा टेम्पो तिरका लावलेला. पूर्वा रिक्षा थांबायच्या आधीच उतरली. वस्तीतली माणसं अशी गप्प उभी असतात ती कुणी गेलं तर, नाहीतर जाता जाता वाचलं तर.

दारात, लाकडी खुर्चीवर, एक किडकिडीत म्हातारा पुढं वाकून बसला होता. सीताराम त्याचं नाव, हे तिला मागाहून कळलं. नाकात नळी होती. पोट जोरजोरात आतबाहेर होत होतं, डोळे अर्धवट मिटलेले. एक चाळिशीचा माणूस शेजारी उकिडवा बसून पान्यानं सिलिंडरची चावी घट्ट करत होता.

"राकेश?" तिनं विचारलं.

"चार तेविसाला पोचलो," तो मान वर न करता म्हणाला. "जुना आधीच संपला होता. मधी तीनचार मिनिटं काहीच नव्हतं."

युसूफचाचा गुडघे टेकून म्हाताऱ्याजवळ बसले. त्यांनी नखं बघितली, बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र लावलं. आकडा ऐंशीच्या आत होता. सगळे त्या आकड्याकडं बघत राहिले. एक्याऐंशी. तसाच राहिला. त्र्याऐंशी. मग बराच वेळ काही नाही. अठ्ठ्याऐंशी झाले तेव्हा म्हाताऱ्यानं डोळे उघडले, समोर अनोळखी माणूस बघितला आणि हातानं, पाणी, अशी खूण केली. युसूफचाचांनी मान हलवली, आत्ता नको.

रुग्णवाहिका थोड्याच वेळात आली. आतला डॉक्टर म्हणाला, दाखल करावंच लागेल. सीतारामनं मानेनं नकार दिला. कांताबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. बुटकी, सावळी, पदर कमरेला खोचलेली.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. "मगाशी तीनचार मिन्टं म्या काय बगितलं, ते तुमाला दिसलं न्हाई. उठा."

तो उठला नाही, पण उचलू दिलं.

स्ट्रेचर आत गेल्यावर कांताबाई चपला शोधायला घरात आली. पूर्वा ओट्याच्या कडेला उभी होती. बाईनं तिच्याकडं निरखून बघितलं.

"तुमीच का ते पंचेचाळीस मिन्टवाले?"

"हो, मावशी. म्हणजे ते मी लिहिलं होतं. चुकलं माझं. तिकडून एवढ्या वेळात पोचता येत नाही, मला माहीत होतं."

"म्हाईत हुतं, आन् लिवलं?"

"हो."

"लिवताना कुनी वाचंल असं वाटलं न्हाई व्हय तुला?"

तिनं ते रागानं विचारलं नाही. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. पूर्वानं ते वाचण्यासाठी लिहिलंच नव्हतं, वर दिसण्यासाठी लिहिलं होतं, हे त्या बाईला कुठल्या शब्दांत सांगायचं ते तिला सुचेना. कांताबाईनं चपला पायात सरकवल्या आणि ती गेली.

परत येताना पूर्वानं रिक्षातच लॅपटॉप मांडीवर घेतला. हडपसरच्या सगळ्या खोळंब्यात तिनं एकेक पान उघडून काढून टाकलं. युसूफचाचा बघत होते. धायरीचं पान काढताना ते म्हणाले, "धायरीला जातो आपण."

"पंचेचाळीस मिनिटांत?"

"नाही. दीड तास धर."

"मग तसं लिहिते."

अडतीसपैकी पाच उरली, शिवाय लोणीचं एक. पाचही पानांवर खरी वेळ टाकली आणि आपोआप जाणारा मेसेज बदलला: 'तुमची नोंद मिळाली. आम्ही फोन करून हो म्हणेपर्यंत कृपया दुसरी सोय रद्द करू नका.' लोणीच्या पानावर काय लिहायचं ते तिनं विचारलं. युसूफचाचांनी खूप वेळ विचार केला आणि सांगितलं, "तुप्यांचा नंबर दे. त्यांना आधी विचार."

तुपे म्हणाले, "द्या. पण माझ्या नावाचं स्पेलिंग नीट घाला. तुमच्या लिहिण्याचा मला अनुभव आहे."

पुढच्या महिन्यात दुकान पहिल्या पानावरून उतरलं. फोन निम्मे झाले. अरबाज दुपारी दुकानात बसून पेपर वाचू लागला. पूर्वाची आणखी तीन गिऱ्हाइकं होती आणि त्यांच्याही वेबसाइटवर तिनं तशीच पानं केली होती. तिनं तिघांनाही जाऊन सांगितलं. दोघांनी काढू दिली. तिसऱ्यानं हसून दुसरा माणूस शोधला.

सीतारामना दवाखान्यातून पाचव्या दिवशी घरी सोडलं. ते युसूफचाचांना कांताबाईंनी फोन करून कळवलं. दुकानात बॅटरीवर चालणारं मशीन मिळेल का, ते विचारायला तो फोन होता. मिळणार नाही, असं युसूफचाचांनी सांगितलं आणि कुठं मिळेल तेही सांगितलं.

त्याच आठवड्यात दुकानाच्या नावाखाली एक अभिप्राय आला. पाचपैकी एक तारा. कांताबाईंच्या सुनेनं लिहिला होता. 'पंचेचाळीस मिनिटांत येतो म्हणाले. सव्वादोन तासांनी आले. दुसऱ्या माणसानं वेळेवर सिलिंडर दिला म्हणून माझे सासरे वाचले. विश्वास ठेवू नका.'

पूर्वानं तो युसूफचाचांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"हा काढता येतो?"

"तक्रार केली तर कदाचित निघेल. किंवा ओळखीच्या वीसजणांकडून चांगले लिहून घेतले की हा खाली जातो. सगळे तसंच करतात."

ते तिच्याकडं बघत राहिले.

"तसं नको," ती म्हणाली.

"उत्तर देता येतं का त्याखाली?"

"येतं."

त्यांनी गल्ल्याजवळचा स्टूल तिच्याकडं सरकवला. पूर्वानं लॅपटॉप उघडला. सहाएक ओळी लिहिल्या, खोडल्या. त्यांत खेद होता, परिस्थिती होती, यापुढं काळजी घेऊ असंही होतं. युसूफचाचा मागं उभं राहून वाचत होते.

"एवढं कशाला?" ते म्हणाले. "बाईंनी लिहिलंय ते खरं आहे, एवढंच लिही. खाली माझं नाव घाल."

"आणि माझं?"

त्यांनी जरा विचार केला. "तुझी मर्जी."

तिनं दोन्ही नावं घातली.